हळदीत भिजलेला पियानो

माझं अक्षर वाचताना कुणाचे डोळे दुखले तर आधीच सांगून ठेवते, दोष वाचणाऱ्याचा नाही. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि जोडाक्षर आलं की माझं पेन थांबतं, बैल ओढ्याच्या काठाला थांबतो तसं. आमच्या पाड्यावर शाळा चौथीपर्यंत होती म्हणून मी चौथी शिकले. सातवीपर्यंत असती तर सातवी शिकले असते. ही वही लेकीची आहे. तिने पुढची बारा पानं गणिताला वापरली आणि बाकीची टाकून दिली. ती आता आठवीत आहे, तिला दाखवलं तर लाल पेन घेऊन बसेल, म्हणून दाखवणार नाही. अक्षराची आणि चुकांची माफी मागते. पुढे जे केलं म्हणून लिहिणार आहे, त्याची मागत नाही.

आमचं घर डोळखांबच्या पुढे, जीप सोडते तिथून अर्धा तास चढ. कुडाच्या भिंती, पुढे पडवी, पडवीत कोंबड्यांचं खुराडं. घरात चार माणसं. बा, आई, मी आणि आते. आते म्हणजे बाची थोरली बहीण, सोनाबाय. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, तेव्हापासून ती आमच्याकडेच. अंगाने काटकुळी, पण आवाज असा की खालच्या ओढ्यावर कपडे धुणाऱ्या बाया मान वर करायच्या. ती धवलारीण होती. माझ्या लेकीला हा शब्द समजावून सांगावा लागला, म्हणून इथेही लिहिते. आमच्याकडे लग्नात हळद दळण्यापासून नवरी वाटेला लावेपर्यंत प्रत्येक वेळेचं वेगळं गाणं असतं. त्या गाण्यांना धवले म्हणतात आणि ती जी गाते ती धवलारीण. तिने गायल्याशिवाय हळद लागत नाही आणि नवरीचं पाऊल मांडवाबाहेर पडत नाही. ब्राह्मण उशिरा आला तरी चालतं, धवलारीण उशिरा आली तर सगळे तसेच बसून राहतात.

आतेचा एक नियम होता. लग्न नसताना धवल्याचे शब्द तोंडात आणायचे नाहीत. कुणाचं लग्न नसताना नवरी वाटेला लावली तर ती जाईल कुठे, असं ती म्हणायची. पण सूप घेऊन नाचणी पाखडायला बसली की तिच्या नाकातून नुसती चाल यायची, शब्दांशिवाय. सुपाची सळसळ, मधेच खडा बाजूला टाकल्याचा आवाज आणि त्यावर ती चाल. आई चुलीपुढे भाकर थापायची, थापेचा ठेका आपोआप तिच्या चालीत पडायचा. मग नाचणीची भाकर, सुकटीची चटणी, दिवस असले तर शेवळाची रानभाजी. शेवळात काकडं, म्हणजे ती आंबट रानफळं, कमी पडली की घसा खाजायचा आणि आते गाणं बंद करून आईला ऐकवायची, "वयनी, माझा गळा बसवायचा इचार हाय का तुझा?" आई म्हणायची, "बसला तर बरा, घटकाभर कानाला तरी विसावा." दोघींचं असं रोज चालायचं. आता माझ्या घरी मिक्सर आहे, गॅस आहे, पण त्या आवाजाला अजून काही पर्याय सापडलेला नाही.

बा पावसाळ्यात शेती करायचा आणि लग्नाच्या दिवसांत मुरबाडच्या एका बाजावाल्याकडे लायटी उचलायचा. वरातीत डोक्यावर नळ्यांचं झाड घेऊन चालणारी माणसं असतात, त्यांतला एक माझा बाप. पार्टीचा मालक दामूशेठ. त्याच्याकडे दोन टेम्पो, मोठे बॉक्स, ताशे आणि एक कीबोर्ड, ज्याला सगळे पियानो म्हणतात. एका हळदीत कुणीतरी नाचता नाचता हळदीच्या पाण्याची अख्खी कळशी त्या पियानोवर ओतली. दामूशेठने दोन शिव्या दिल्या, दुकानातून नवीन आणला आणि भिजलेला बाच्या डोक्यावर ठेवला. "घेऊन जा रे, पोरं खेळतील. नायतर भंगारात घाल." बाने तो भंगारात घातला नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून घरी आणला.

आठ दिवस आम्ही तो पत्र्यावर उन्हात ठेवला, नाचणी वाळवतो तसा. पांढऱ्या पट्ट्या पिवळ्या झाल्या त्या कायमच्या. बॅटरीचे सेल घातले तर चालू झाला. फक्त तीन पट्ट्या मुक्या होत्या, एक मधल्या भागातली आणि दोन उजवीकडच्या. त्या दाबल्या की सूर येत नसे, नुसती टक. मी तेव्हा सतरा वर्षांची होते. पाहुणे आले की मी मागच्या दाराने ओढ्यावर जायची आणि ते गेल्यावर यायची. माझ्यासमोर कुणी बोललं की मला आधी स्वतःचे पाय दिसायचे. पण त्या पिवळ्या पट्ट्यांपुढे बसले की मला पाय आठवायचे नाहीत. आतेच्या नाकातली चाल एकेका बोटाने शोधत गेले. पंधरा दिवसांत सापडली. फक्त नवरी वाटेला लावायच्या धवल्यात एका ठिकाणी सूर नेमका मधल्या मुक्या पट्टीवर पडायचा. तिथे टक यायची. मी दुसरी पट्टी लावून बघितली, ती खोटी वाटायची. शेवटी टकच ठेवली.

"आते, इथं आवाज जातो बघ."

आते सूप थांबवून ऐकत होती. "जाऊ दे. तिथं माझा पण दम जातो."

"आणि धवला लग्नाशिवाय वाजवलेला चालंल काय?"

तिने सुपातला एक खडा बाजूला टाकला आणि म्हणाली, "त्याला तोंड हाय का गो? तोंड नाय तर शब्द नाय. शब्द नाय तर दोष नाय. वाजव."

अशी मला परवानगी मिळाली. ही परवानगी कुणी दिली, कशी दिली, हे पुढे मला फार उपयोगाला आलं.

बाकडे शेठने फोन करावा म्हणून एक बटणांचा मोबाईल होता. त्यात आवाज भरता यायचा. नुसता चुलीजवळ ठेवला तर सगळा धूर आणि भांडी ऐकू यायची. सुपात ठेवून बघितला, घोंगडीत ठेवून बघितला. तांदळाचा पत्र्याचा डबा अर्धा भरलेला असला आणि त्यात तांदळावर मोबाईल ठेवला तर पियानो असा गोल ऐकू यायचा की माझा मलाच खरा वाटायचा नाही. आजही मी असंच करते. लेक म्हणते, आई, माइक घे. मी म्हणते, तू तांदूळ घे.

एकदा करवंदं विकायला शहापूरला गेले होते. एसटी स्टँडजवळ विलास नावाच्या माणसाचं मोबाईलचं दुकान होतं. तो दहा रुपयांत कार्डात गाणी भरून द्यायचा. बाने सांगितलं होतं, चार भजनं भरून आण. विलासने कार्ड कॉम्प्युटरला लावलं आणि आतलं वाजवलं. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती, तिघं मान वळवून बघायला लागली. मी पाटी उचलून निघालेच होते.

"कुणी वाजवलंय हे?" विलासने विचारलं.

मी पायाकडे बघितलं.

"बहिरी हायस काय? तुझं हाय?"

मी मान हलवली. तो म्हणाला, नेटवर चढवतो, पैसे लागत नाहीत. मला नेट म्हणजे काय ते कळत नव्हतं, पण पैसे लागत नाहीत म्हटल्यावर मी हो म्हटलं. पुढच्या बाजाराला गेले तर त्याने चढवलेलं दाखवलं. आवाज माझा, पण चित्र कुठल्यातरी चकचकीत पांढऱ्या पियानोचं, त्यावर लाल गुलाब. मी म्हटलं, हा माझा नाही. तो म्हणाला, "अगो, शोला चांगला दिसतो." मी म्हटलं, "माझा पिवळा हाय. पिवळा लाव." परक्या माणसाशी इतकं लांब बोलायची माझी ती पहिली वेळ. मोबाईलमध्ये फोटो काढून नेला, तेव्हा त्याने पिवळा लावला.

हळूहळू कळलं की माझ्यासारखे बरेच आहेत. घरात बसून वाजवणारे, न शिकलेले, किंवा शिकून सोडून दिलेले. कुणी पोरगी नर्स होती, ड्युटीवरून येऊन एक गाणं वाजवायची आणि झोपायची. नागपूरकडच्या एक बाई होत्या, त्यांच्या प्रत्येक गाण्यात मागे कुकरच्या शिट्ट्या. मी त्यांना कुकरवाल्या बाई म्हणते, तोंडावरसुद्धा. लोक खाली दोन ओळी लिहायचे. मराठी असलं तर मी बोट ठेवून वाचायची, इंग्रजी अक्षरात असलं तर विलास वाचून दाखवायचा. कुकरवाल्या बाईंनी माझी वाटेला लावायची चाल स्वतः वाजवून पाठवली. त्यांच्या पियानोच्या सगळ्या पट्ट्या चालू, तरी बरोबर त्या जागेवर त्यांनी सूर सोडला होता आणि बोटाने लाकडावर टक केलं होतं. खाली लिहिलं होतं, ही जागा फार सुंदर घेतलीत. मी विलासला सांगितलं, त्यांना लिही, ती पट्टी बिघडलेली आहे. त्याने लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, दुरुस्त करू नका.

त्या पहिल्या वाजवण्याच्या अगदी शेवटी आतेचा आवाज होता. ती सूप घेऊन खोळंबली होती आणि मोबाईल चालू आहे हे तिला माहीत नव्हतं. शेवटचा सूर संपतो आणि ती विचारते, "झालं का गो?" मी ते काढायला सांगितलं होतं. विलास म्हणाला, राहू दे, लोकांना तेच आवडतं.

आता मुख्य गोष्ट. मुरबाडच्या बाजूला एका गावात लग्न होतं, आतेला बोलावणं होतं आणि सोबतीला मी गेले. दिवस मावळताना हळद. मांडवात आते पाटावर बसून हळदीचे धवले गात होती आणि बाहेर अंगणात दामूशेठची पार्टी लागली. बॉक्स एवढे मोठे की छातीत वाजायचं. पियानोवर एक पोरगा चष्मा लावून बोटं फिरवत होता. दोन गाणी झाली, तिसरं लागलं. खाली ढोलाचा ठेका घातलेला होता, पण वरची चाल माझी होती. मी म्हटलं, असेल, चाल काय कुणाचीही असते. तेवढ्यात ती जागा आली. टक. बॉक्समधून कुणी दारावर मुसळ मारावं तशी टक. पोऱ्याची बोटं तर नुसती नाचत होती, नव्या पियानोला मुकी पट्टी कुठून असणार. वाजत होतं ते नेटवरून उतरवलेलं माझंच. मग चाल संपली आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात आते बॉक्समधून म्हणाली, "झालं का गो?"

नाचणारे खूश झाले. सगळे एकदम ओरडले, "झालं का गो?" आणि चाल पुन्हा सुरू. पुन्हा टक, पुन्हा आते, पुन्हा सगळे ओरडले.

खरी आते पाटावर बसली होती. तिने गाणं थांबवलं. आधी तिला वाटलं कुणी तिची नक्कल करतंय. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा ती उठली आणि अंगणात गेली. मी मांडवाच्या खांबामागे. दामूशेठ खुर्चीवर बसला होता, त्याच्यापुढे ती जाऊन उभी राहिली.

"ह्यो कुणाचा आवाज रे?"

"म्हातारे, बाजूला हो, पोरं नाचतात."

"माझा हाय. आणि ही चाल नवरी वाटंला लावायची हाय. पोरीला अजून हळद लागली नाय आणि तू तिला वाटंला लावतोस? पन्नास माणसं नाचवून?"

"गाणं हाय गो, गाणं. टेन्शन नको घेऊ."

"मंग गा तूच."

ती परत येऊन पाटावर बसली आणि तोंड मिटून घेतलं. नवरीची आई आली, मामा आला, आते एक शब्द बोलली नाही. हळद वाटीत तशीच राहिली. शेवटी नवरीच्या बापाने अंगणात जाऊन हात जोडले आणि दामूशेठला बाजा बंद करायला लावला. बंद झाल्यावर आतेने पहिल्यापासून सुरू केलं. सगळ्या पाहुण्यांसमोर शेठचा अपमान झाला. मी तेव्हा खांबामागून बाहेर आले नाही. हे मला अजून सलतं. आवाज तिचा होता, पण बोटं माझी होती, आणि भांडायला साठ वर्षांची बाई एकटी गेली.

आठ दिवसांनी आम्ही दोघी दिवसभराचा बाजार करून आलो तर बा पडवीत बसला होता आणि त्याच्यापुढे मिठाईचा पुडा. दामूशेठ येऊन गेला होता. ती म्हातारी बाची बहीण, म्हणजे वाजवणारं बाच्याच घरातलं, हे त्याने ताडलं होतं. बाला बारा हजार देऊन गेला होता.

"कशाचे?" आतेने विचारलं.

"उचल," बा म्हणाला.

हा शब्द समजावून सांगायला हवा. वीटभट्टीवर जाणाऱ्या माणसांना मालक आधी पैसे देतो, ती उचल. उचल घेतली की ते कुटुंब त्या मालकाचं, भट्टी बंद होईपर्यंत. आम्हीही मी लहान असताना दोन वर्षं भिवंडीकडे गेलो होतो. माझ्या बापाने जन्मभर एकाच प्रकारचा सौदा बघितला होता. कुणी हातावर नोटा ठेवल्या तर त्या कशाच्या हे विचारायचं नसतं, फक्त कधी यायचं ते विचारायचं. शेठने सांगितलं, पोरीने सीझनभर माझ्यासाठी चाली वाजवून भरून द्यायच्या, नाव पार्टीचं राहील, आणि तिचं स्वतःचं जे काही नेटवर असेल ते काढून टाकायचं. बाने मान डोलावली. मी घरी यायच्या आत घरावरच्या नव्या पत्र्यांना त्याने त्यातले निम्मे देऊन टाकले होते. घर गळत होतं, हे खरं आहे.

"परत दे," मी म्हटलं.

"उचल परत देतात का कुठं? येडी झालीस?"

"उचल तू घेतलीस. हात माझे हायत."

बाने माझ्याकडे असं बघितलं की जणू खुराड्यातली कोंबडी बोलली. आई चुलीपुढून म्हणाली, "आज तोंड फुटलं व्हय हिला." चिडून म्हणाली की कौतुकाने, ते मला अजून कळलेलं नाही.

एकदा मी गेले. बाचा शब्द पडू नये म्हणून गेले. मुरबाडला बाजारपेठेत वरच्या मजल्यावर शेठची गाणी भरायची खोली होती, भिंतींना गाद्या लावलेल्या, पंखा बंद. समोर नवा पियानो, सगळ्या पट्ट्या पांढऱ्या. मी वाटेला लावायची चाल वाजवली. ती जागा आली आणि माझं बोट आपोआप थांबलं, मी बोटाने लाकडावर टक केलं. शेठ म्हणाला, "ये क्या है? सूर भर ना तिथं." मी पुन्हा वाजवलं, पुन्हा टक. तो म्हणाला, "तुझा मोडका व्हता म्हणून तसं व्हतं. हा चांगला हाय. भर." मी म्हटलं, "तिथं सूर नाय." हसला तो. मग जे बोलला ते मी शब्दाला शब्द लक्षात ठेवलं आहे.

"जास्त शाणपणा नको. वाजवायला शिकलीस कुणाच्या पियानोवर? माझ्याच ना? फुकट दिला म्हणून आज बोटं हलतात तुझी."

मी उठले. चपला हातात घेतल्या आणि जिना उतरले. जीप सुटायला वेळ होता, तोवर स्टँडवर उभी राहिले आणि पहिल्यांदा मला माझे पाय दिसत नव्हते, समोरची माणसं दिसत होती.

घरी आल्यावर तांदळाचा डबा काढला. मोबाईल आत ठेवला. वाजवायच्या आधी बोलायचं ठरवलं होतं. नऊ वेळा बोलले आणि नऊ वेळा बंद केलं. दोनदा शब्दच आले नाहीत, एकदा कोंबडी ओरडली, एकदा आईने विचारलं, डब्याशी काय बोलतेस. दहाव्या वेळी आले ते असे: "मी यमुना. पाडा डोळखांबच्या पुढचा. ही चाल माझी आते सोनाबाय धवलारीण हिची हाय. शब्द लग्नातच ऐकायचे, इथं मिळणार नाय. पियानोची मधली पट्टी मुकी हाय, ती तशीच ऱ्हाणार. वाजवणारी मी." मग वाजवलं. शेवटी आतेने मुद्दाम जवळ येऊन विचारलं, "झालं का गो?"

विलासने ते चढवलं. त्याला शेठचा फोन आलेला होता. "तो बोलतो, तुझं सगळं काढ. काढू काय?"

"नाय काढायचं."

"भांडण होईल."

"होऊ दे."

कुकरवाल्या बाईंनी, नर्सने आणि आणखी कितीतरी जणांनी तीच चाल आपापल्या घरी वाजवली आणि प्रत्येकाने खाली आतेचं नाव लिहिलं. कुणी टेबलावर टक केलं, कुणी ताटावर. शेठच्या पार्टीनेही ते ढोलवालं गाणं नेटवर चढवलं होतं, त्याखाली लोक जाऊन विचारायला लागले, टक कुठून आली ते सांगा. त्याने आठवड्याभरात ते काढलं. पण बाला निरोप पाठवला, उचल परत पाहिजे. बारा हजार. थोडे थोडे घेणार नाही, एकदम आण, आणि तोवर लायटीच्या कामाला येऊ नको.

कुकरवाल्या बाईंना विलासकडून कळलं. त्यांनी लिहिलं, मी पाठवते, परत देऊ नकोस. मी कळवलं, तुमचे घेतले तर ती तुमची उचल होईल. चौथ्या दिवशी त्यांनी एक नवीन गाणं पाठवलं, शिट्ट्यांसकट.

पत्र्यांतून उरलेले निम्मे बाचं काम सुटल्यावर घरखर्चात गेले. सगळे जमवायला दोन वर्षं लागली. लोकांच्या शेतात लावणी केली, दिवाळीनंतर गवत कापून भारे बांधले, करवंदं, शेवळं, जे निघेल ते शहापूरला नेलं. आई बरोबर यायची. बा सुरुवातीला बोलत नव्हता. पहिल्या गवताच्या वेळी मी चार दिवस कापत होते तेव्हा पाचव्या दिवशी तो विळा घेऊन आला आणि माझ्या शेजारच्या ओळीत वाकला. पैसे मी तांदळाच्या डब्यातच तळाशी ठेवायची. दुसऱ्या वर्षी कुकरवाल्या बाईंनी लिहिलं, हल्ली तुझा आवाज जरा बसका येतो, काही बदललंस का? मला हसू आलं. डब्यात तांदूळ कमी आणि नोटा जास्त झाल्या होत्या. कागदात आवाज मुरतो.

डब्यात बारा हजार पुरे झाले त्या दिवशी मी आणखी एक काम केलं. पियानो गोणीत घातला आणि शहापूरच्या भंगारवाल्याकडे नेला. तो म्हणाला, देऊन टाक. मी म्हटलं, विकायचा नाही, वजन कर. साडेचार किलो भरला. प्लास्टिकचा भाव त्या दिवशी किलोला बारा रुपये. चोपन्न झाले. मी पियानो परत गोणीत घातला आणि घरी आणला.

मुरबाडला आम्ही तिघं गेलो, बा, आते आणि मी. आते म्हणाली, जिना चढवत नाही, खाली दुकानाच्या पायरीवर बसते. वर शेठ होता, चष्मेवाला पोरगा होता आणि हळदीचं ठरवायला आलेली दोन माणसं. बा दाराशी थांबला. वीस वर्षांत तो त्या खोलीच्या आत कधी गेला नव्हता. मी आत गेले. बारा हजार टेबलावर ठेवले. शेठने मोजले, थुंकी लावून, सावकाश. मग मी चोपन्न रुपये ठेवले, पाच दहाच्या नोटा आणि चार रुपयांची चिल्लर.

"हे कशाचे?"

"पियानोचे. भंगारात घाल म्हणालेला. साडेचार किलो भरला. भंगाराचा भाव लावलाय."

बसलेल्या दोन माणसांतला एक हसला आणि मग खोकल्यासारखं केलं. शेठ म्हणाला, "उचल माझी, ती घेतो. हे ने." मी म्हटलं, "नेणार नाय. तुमी बोलला व्हता, कुणाच्या पियानोवर शिकलीस. आता माझ्या." त्याने चिल्लर टेबलाच्या कडेला सरकवली. मी परत मधे सरकवली. मग तो म्हणाला, "बरं, बरं. फिटलं. जा आता."

मी वळले तर बा दारातून आत आला होता. दोन पावलं, जास्त नाही. टोपी हातात होती.

"शेठ," बा म्हणाला, "ते जरा मोठ्यानं बोला. ह्या लोकांना पण ऐकू जाऊ दे."

दामूशेठने त्याच्याकडे बघितलं, त्या दोन माणसांकडे बघितलं. मग मोठ्याने म्हणाला, "फिटलं. सगळं फिटलं."

आम्ही जिना उतरलो. आते पायरीवर बसली होती, मांडीवर हात ठेवून, सुपापुढे बसते तशी. तिने मान वर केली.

"झालं का गो?"

"झालं," मी म्हटलं.